वेगळं काढलेलं पाणी

आमचे हे, म्हणजे आनंदराव, कोणत्याही गोष्टीला आकडा चिकटवल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. उभी नोकरी कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली, त्याचा हा परिणाम. घरात कोणाला ताप आला की मी कपाळाला हात लावते, हे थर्मामीटर झटकतात. आमटी खारट झाली म्हटलं तर विचारतात, किती खारट? अशा माणसाच्या हातात पाण्याचा मीटर आला, आणि तिथून आमच्या घराचे ग्रह फिरले.

मीटर आला तो चपलेच्या फुलांपायी. स्लिपर ऑर्किड म्हणतात त्यांना. आम्ही कोपरीच्या जुन्या खोलीत राहत होतो तेव्हा ह्यांनी माजिवड्याच्या एका नर्सरीतून पहिलं रोप आणलं. ठिपक्याठिपक्यांची बसकी पानं, मधून एक केसाळ दांडा, त्यावर एकच फूल. त्या फुलाची खालची पाकळी पिशवीसारखी फुगून पुढे आलेली, अगदी जुन्या चढावाचं, मोजडीचं टोक. मी म्हटलं, "देवाला वाहता येत नाही, केसात माळता येत नाही, वास नाही. कौतुक कसलं ह्याचं?"

"दोन महिने टिकतं," हे म्हणाले.

"चांगली चप्पलही टिकते."

पण रोपं वाढली. एकाची चार झाली, चारांची बारा. कोपरीचं नळाचं पाणी गोड होतं, त्यांना मानवलं. मग आमच्या सर्वेशचं लग्न झालं, रसिका घरात आली, खोली अपुरी पडायला लागली आणि आम्ही दिवा गावात मोठ्या जागेत आलो. जागा मिळाली, पाणी गेलं. बोअर आणि टँकर, एवढंच आमच्या नशिबात. कुकरच्या तळाला पांढरी खपली धरायची, नळाच्या तोंडाला चुना साचायचा. दिव्यात पाण्यावरून रडायचं नाही असं ठरवूनच माणसं राहायला येतात, तशी मीही आले होते.

रोपांनी मात्र तसं काही ठरवलं नव्हतं. त्यांच्या पानांची टोकं काळी पडली, कुंड्यांत मातीऐवजी घातलेल्या झाडाच्या सालीच्या तुकड्यांवर पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसायला लागली. ह्यांच्या फुलवाल्यांच्या ग्रुपवर कोणी तरी सांगितलं की हे क्षार आहेत, मुळं जळतायत, मीटर घ्या. पेनासारखी एक कांडी आली. ती पाण्यात बुडवली की पाण्यात क्षार किती विरघळलेत त्याचा आकडा दिसतो. ह्या फुलांना शंभराच्या आत लागतो म्हणे. आमच्या टँकरने नऊशे दाखवला.

त्याच महिन्यात रसिकाचं मूल गेलं. पोटातच, तिसऱ्या महिन्यात. त्याआधी एकदा असंच झालं होतं. पोर दवाखान्यातून आली ती भिंतीकडे तोंड करून झोपली. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, कारण सांगता येत नाही. कारण सांगता येत नाही, हे वाक्य आमच्या ह्यांना पचणारं नव्हतं. संध्याकाळी ते मेलेलं एक रोप हातात घेऊन स्वयंपाकघरात आले, काळी पडलेली मुळं मला दाखवली आणि म्हणाले, "हिलाही आपण हेच पाणी पाजत होतो."

मी हसले नाही, चिडलेही नाही. सासरा सुनेसाठी एवढा कासावीस होतो हे बघून मला बरंच वाटलं. माणसाला दोष द्यायला काही तरी लागतं, आणि पाणी काही उलट बोलत नाही.

मग ह्यांचा पाण्याचा शोध सुरू झाला. पावसाळ्यात गच्चीवर पिंपं लावली. पावसाचं पाणी संपल्यावर हे खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरच्या एसीखाली बादली घेऊन उभे राहायला लागले. त्या एसीचं पाणी टपटपत दिवसभरात अर्धी बादली व्हायचं. तेवढ्यासाठी त्या डॉक्टरला नमस्कार करून करून ह्यांची मान दुखायला लागली. आरओ बसवून पाहिला. पण तो चार भाग पाण्यातला एक देतो आणि तीन ओतून टाकतो. टँकरवर जगणाऱ्यांना असला नवाबी कारभार परवडत नाही. सोसायटीत भांडण झालं आणि आरओ माळ्यावर गेला.

आणि गेल्या दिवाळीनंतर राघोचा नळ सापडला.

राघो इथलाच, मूळचा. आमच्या बिल्डिंगा उठल्या तिथे त्यांची भातखाचरं होती. आता चहूबाजूंनी सात-सात मजले आणि मधे त्याचं बैठं कौलारू घर. त्याच्या अंगणात मोठ्या पाइपलाइनवरून कधी काळी घेतलेला एक नळ आहे. ह्यांनी कांडी बुडवली. बासष्ट! धावत वर आले, दम लागलेला. "अगं, पावसासारखं पाणी आहे. बासष्ट!" लॉटरी लागलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

त्याच सुमारास रसिकाला पुन्हा दिवस राहिले.

तेव्हापासून घरात दोन पाणी झाली. टँकरचं पाणी मी माझ्या सवयीने उकळून, गाळून माठात भरायची. ते आम्ही दोघं आणि सर्वेश प्यायचो. राघोच्या नळाचं पाणी हे पहाटे पहिला नंबर लावून कॅनमध्ये आणायचे. ते दोघांसाठीच: फुलांसाठी आणि रसिकासाठी. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमचे हे पाणी मोजून पाजायला लागले.

मी म्हटलं, "मोजा खुशाल, पण उकळून द्या." ह्यांनी वाद घातला नाही. एक पातेलं उकळून, गार करून माझ्यासमोर कांडी बुडवली. आकडा वाढला होता. "बघ. उकळलं की वाफ उडते, क्षार मागे राहतात. चांगलं पाणी तू बिघडवतेयस." शाळेतल्या मास्तरांनी फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तसं. रसिका दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आई, राहू दे. बाबा बघून देतात ना सगळं." ह्या मुलीचा स्वभावच असा आहे, मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. मला तिचं तेच आवडायचं.

तिसरा महिना निभावला. चौथा निभावला. इकडे फुलांना कळ्या आल्या. एकाच वेळी पाच दांडे उभे राहिले, आणि ह्यांनी प्रत्येकाचा फोटो काढून रसिकाला दाखवला, जणू ते तिचेच रिपोर्ट होते. सातव्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी नेसून ती झोपाळ्यावर बसली, ह्यांनी सगळ्यात मोठ्या फुलाची कुंडी तिच्या शेजारी ठेवली आणि बायकांनी विचारलं, हे चपलेसारखं काय ठेवलंय? ती हसून म्हणाली, "आमचं दोघींचं पाणी एक आहे." सगळ्या हसल्या. मीही हसले.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्याप्रमाणे रसिका कल्याणला आईकडे गेली. जाताना तीच कुंडी बरोबर घेऊन गेली. आता पाण्याची जबाबदारी सुटली असं मला वाटलं, पण तिच्या आईच्या, चित्राताईंच्या सोसायटीतही बोअरचंच पाणी. सर्वेशची नोकरी डोंबिवलीत. मग काय, तो स्कूटरच्या पायाशी कॅन ठेवून एक दिवसाआड शीळफाट्यावरून कल्याण गाठायचा आणि बायकोला पाणी पोचवायचा. ह्यांनी चित्राताईंना फोनवर बजावून सांगितलं, "हे फक्त तिच्यासाठी. उकळू नका, दुसऱ्यात मिसळू नका." चित्राताई मला म्हणाल्या, "असा सासरा मिळायला भाग्य लागतं हो."

रसिका गेली आणि आठवड्याभरात आमच्या गॅलरीत वास यायला लागला.

आधी मला वाटलं, उंदीर मेलाय. सगळे कोपरे झाडले. वास कुंड्यांमधून येत होता. एका रोपाचं मधलं पान हाताला लागलं तर ते सहज निघून आलं, आणि त्याच्या बुडाला तपकिरी, पाणी सुटलेला लगदा होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक. वर फुलं ताजी, टवटवीत, आणि खाली रोप सडलेलं. ह्यांनी ब्लेड गरम करून सडका भाग कापला, वर दालचिनीची पूड चोळली, पंखा लावला. म्हणाले, "हवा खेळत नाही." मग म्हणाले, "पानांच्या बेचक्यात पाणी साचलं." मग म्हणाले, "उन्हाळा." पाण्याचं नाव ह्यांच्या तोंडून निघालं नाही. फुलं उमलली तेव्हा श्रेय पाण्याचं होतं; सडली तेव्हा दोष हवेचा.

माझ्या ओट्याच्या खिडकीत एक रोप होतं, ह्यांनी टाकून दिलेलं. कधी फुललंच नाही म्हणून ते कचऱ्यात निघालं होतं, मी उचलून ठेवलं. त्याला मी माठातलं उरलेलं पाणी घालायची, टँकरचं, उकळलेलं. त्याच्या पानांची टोकं जळलेली होती, पण बूड घट्ट. मी पान ओढून पाहिलं, हललंसुद्धा नाही. गॅलरीतली सडतायत आणि हे टाकलेलं जिवंत! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझं ते जंगली झालंय."

शुक्रवारी सकाळी रसिकाचा फोन आला. आवाज ओढलेला. "आई, जेवणाचा वासच नको वाटतो. फोडणी दिली की उमळून येतं. आणि ना, लघवीला फार पिवळं होतंय दोन दिवस."

"उन्हाचं होतं तसं," मी म्हटलं. "आईला सांगितलंस का डॉक्टरांना विचारायला?"

"सोमवारी तारीख आहे ना, तेव्हा विचारते. बाबांना सांगितलं मी काल. म्हणाले, पाणी कमी पडतंय, जास्त पी. पितेय मी."

फोन ठेवला. पोटुशी बाई, मळमळणारच, असं स्वतःला समजावलं आणि इस्त्रीचे कपडे आणायला खाली उतरले. आमचा इस्त्रीवाला पोपट राघोच्या अंगणाच्या कडेलाच टपरी टाकून असतो. टपरीला कुलूप होतं. राघो ओट्यावर बसला होता.

"पोपट कुठे गेला हो?"

"त्याला कावील झाली, काकू. डोले पार हलद. भगताकरशी माल घालून आनली, गल्यातशी पोटापरत आली तरी उतरं ना. आता मोठ्या दवाखान्यान नेलाय."

कावीळ उतरवायची ती काड्यांची माळ मी लहानपणापासून पाहिलेली आहे. माळ लांबत जाते आणि कावीळ उतरत जाते, असं म्हणतात. पोपटची माळ पोटापर्यंत आली होती.

"पाणी कुठलं पितो तो?" मी विचारलं.

राघोने नुसतं नळाकडे बोट केलं.

शुक्रवार म्हणजे पाणीकपात, लाइन बंद. कोणी तरी नळ उघडाच सोडला होता. मी बंद करायला वाकले आणि मला आवाज ऐकू आला. नळातून पाणी येत नव्हतं. नळ आत हवा ओढत होता, बारीक, शीळ घातल्यासारखा. त्या नळाचा पाइप भिंतीला धरून खाली उतरतो आणि अंगणामागच्या गटारातून पलीकडे जातो. मी पदर नाकाला लावून मागे गेले. गटार तुंबलेलं, काळं. पाइप त्यात बुडालेला, आणि बुडाला तिथेच त्याचा सांधा, सायकलची ट्यूब गुंडाळलेला. त्या सांध्यापाशी गटारातला फेस हळूहळू गोल फिरत होता. एक वाळकं पान आलं, सांध्याला चिकटलं आणि तिथेच राहिलं. पाइप पीत होता.

भिंत धरून मी तशीच उभी राहिले. पहाटे पाणी आल्याबरोबर पहिला नंबर लावणारा माणूस मला आठवला. रात्रभर पाइपने जे ओढून घेतलं असेल ते सगळ्यात आधी बाहेर पडणार, आणि ते सगळ्यात आधी आमच्या कॅनमध्ये.

जिना कसा चढले ते माझं मला माहीत. हे गॅलरीत वर्तमानपत्र पसरून कुंड्या रिकाम्या करत बसले होते. मी कोपऱ्यातला कॅन उचलला, पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांच्या पुढे धरलं.

"मोजा."

"काय झालं?"

"मोजा म्हणते ना!"

ह्यांनी खिशातून कांडी काढली, बुडवली. "चौसष्ट. उत्तम आहे."

"ही कांडी काय मोजते?"

"क्षार. सांगितलंय तुला कितीदा."

"गटार मोजते का?"

मग मी सगळं सांगितलं: सांधा, फेस, पोपट. आणि रसिकाची पिवळी लघवी. माझं बोलणं संपेपर्यंत ह्यांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. हे असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. हातातलं सडकं रोप त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवलं, पुन्हा त्या पेल्याकडे पाहिलं. पाणी नितळ होतं, तळ दिसत होता.

"मी तिला काल सांगितलं, जास्त पी," हे म्हणाले.

मी फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. सर्वेशला लावला, तो मीटिंगमध्ये. आम्ही रिक्षा केली ती थेट कल्याणची. शीळ रस्त्यावर खड्डे, ऊन, पुढे ट्रक. मी रस्ताभर देवाचं नाव घेत होते आणि मधूनमधून ह्यांच्यावर भयंकर चिडत होते. कावीळ पोटुशी बाईला कशी धरते, ते मी माहेरच्या गावी पाहिलेलं आहे. शेजारच्या घरातून आई आणि पोटातलं बाळ, दोघांना एकदम स्मशानात नेलं होतं. ते मी बोलले नाही. ह्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, हेही देवाचं नाव घेतायत. जवळून ऐकलं तर ते आठवडे मोजत होते, पहिला कॅन कधी दिला तिथपासून.

चित्राताईंनी दार उघडलं. "अगंबाई, दोघं असे अचानक! बसा, बसा. फोन चार्जिंगला होता हो आतल्या खोलीत." आल्या पाहुण्याला आधी पाणी, त्याप्रमाणे त्या तांब्या-भांडं घेऊन आल्या. हे तांब्याकडे नुसते बघत राहिले.

"घ्या की. माठातलं आहे, आमच्या बोअरचं. उकळून घेतो आम्ही सगळे," चित्राताई म्हणाल्या. "तुमच्या कॅनला कोणी हात लावत नाही हो. परवा माझ्या भावाने चुकून पेला भरला, तर मी हातातून काढून घेतला. थेंबभर कोणाला दिलं नाही. सगळं तिलाच."

तेवढ्यात रसिका आतून आली. एक हात कमरेवर, एक भिंतीला. खिडकीत तीच कुंडी होती, डोहाळजेवणातली. फूल अजून टवटवीत होतं आणि खाली एकही पान उरलं नव्हतं. रसिका खिडकीपाशी येऊन थांबली आणि हसली. उन्हात तिचे डोळे दिसले. पांढरं काही राहिलंच नव्हतं त्यात.

मी चित्राताईंना एका वाक्यात सांगितलं, "आत्ता दवाखान्यात न्यायचं, कपडे बदलू नका, फाइल घ्या." त्यांच्या हातातला तांब्या लवंडला. रसिका घाबरली नाही. सासू-सासरे घाईने आले, दवाखान्यात चल म्हणाले, म्हणजे जायचं. ती चपला शोधायला लागली. पाय सुजलेले, पोटामुळे वाकता येईना, पट्टा पायात शिरेना.

तेव्हा आमचे हे खाली बसले. सासऱ्याने सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो, ती घाईघाईने पाय मागे घ्यायला लागली, "बाबा, असं नको, बाबा." ह्यांनी ऐकलं नाही. पट्टा सैल केला, तिची टाच हातात धरली आणि एक एक करून दोन्ही चपला तिच्या पायात घातल्या. वाकल्यावर खिशातली कांडी फरशीवर पडली आणि सोफ्याखाली गेली. ती काढायला कोणी वाकलं नाही.

रसिकाने दाराशी अडकवलेली पिशवी खांद्याला घेतली. त्यातून बाटलीचं बूच दिसत होतं.

"बाबा, काळजी करू नका," ती म्हणाली. "मी आपलं पाणी घेतलंय बरोबर. तिथलं नाही पिणार."

हे अजून तिच्या पायाशीच बसले होते. त्यांना मान वर करता आली नाही. तिच्या खांद्यावरून पिशवी मी उतरवून घेतली.